पायसाइड: थ्रेड लावल्यावर खिडकी गोठत नाही, पण ॲप मधूनच कोसळतं

जुनेअंक

पायथन ३.१२, पायसाइड ६ (क्यूट या खिडक्या-बटणांच्या टूलकिटचं पायथन रूप), विंडोज ११. उबुंटूवरही हेच.

ॲपचं काम असं: जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पानं उघडायची (एका अंकाची साधारण १५० पानं, ए-फोर, ३०० डीपीआय), डावीकडे पानांची छोटी चित्रं दाखवायची, प्रत्येक पान टेसरॅक्टकडून (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) मराठीत वाचून घ्यायचं आणि निघालेला मजकूर उजवीकडे दुरुस्तीसाठी ठेवायचा.

आधी सगळं 'सुरू करा' बटणाच्या फंक्शनमध्येच होतं. खिडकी पांढरी पडायची आणि विंडोज 'नॉट रिस्पॉन्डिंग' म्हणायचं. म्हणून तेच फंक्शन जसंच्या तसं पायथनच्या थ्रेडिंग मॉड्यूलने वेगळ्या थ्रेडवर (त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणारा कामाचा धागा) टाकलं. आता खिडकी हलते, पण

– कधी चाळिसाव्या पानावर, कधी एकशेतिसाव्या पानावर ॲप गपकन बंद. ट्रेसबॅक (चूक कुठल्या ओळीवर झाली ते सांगणारा मजकूर) नाही.
– कन्सोलवर 'कॅनॉट क्रिएट चिल्ड्रन फॉर अ पेरेंट दॅट इज इन अ डिफरंट थ्रेड' आणि 'टायमर्स कॅनॉट बी स्टार्टेड फ्रॉम अनदर थ्रेड' अशा ओळी.
– खिडकी बंद केली तरी टास्क मॅनेजरमध्ये टेसरॅक्ट चालूच.

विजेटला (बटण, लेबल, यादी असा खिडकीतला घटक) हात लावणाऱ्या प्रत्येक ओळीभोवती लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) घालून पाहिलं, फरक शून्य.

खटपट्या

लॉकचा इथे उपयोग नाही. ते लॉक तुमच्या कोडला माहीत आहे, क्यूटला नाही. मुख्य थ्रेड खिडकी रंगवताना लेबलचा मजकूर वाचतो, तेव्हा तो तुमचं लॉक मागत नाही. त्याच क्षणी दुसऱ्या थ्रेडने मजकूर बदलला तर जुन्या मजकुराची मेमरी मोकळी झालेली असते आणि रंगवणारा तिथेच वाचत असतो. हे सगळं सी++ च्या बाजूला घडतं, म्हणून पायथनचा ट्रेसबॅक मिळत नाही. आणि दोघांची गाठ नेमकी कधी पडेल ते ठरलेलं नसतं, म्हणून एकदा ४० तर एकदा १३०.

नियम एकच आहे आणि त्याला पळवाट नाही: क्यूविजेट आणि त्याची सगळी पिलावळ फक्त मुख्य थ्रेडवरून हाताळायची. वाचायचं असलं तरी. 'मी फक्त चेकबॉक्स टिक आहे का बघतोय' हेही दुसऱ्या थ्रेडवरून नको. लागणारी मूल्यं काम सुरू करण्याआधी मुख्य थ्रेडवर वाचा आणि कामाला सोबत द्या.

चित्रांच्या बाबतीत फरक लक्षात ठेवा. क्यूपिक्समॅप मुख्य थ्रेडचा, क्यूइमेज कुठेही चालतो. फाइल वाचणं, लहान करणं हे क्यूइमेजवर मागच्या थ्रेडमध्ये करा, पिक्समॅपमध्ये रूपांतर मुख्य थ्रेडवर.

टिकली

पण टूलकिटवाल्यांनीच आत लॉक का नाही घातले? २०२० च्या दशकात एकाच थ्रेडची सक्ती विचित्र वाटते.

खटपट्या

@टिकली, कारण वाटा उलट्या आहेत. माऊसची क्लिक ऑपरेटिंग सिस्टिमकडून निघते: खिडकी, मग पॅनल, मग बटण, मग तुमचा कोड. तुमच्या कोडचं बोलावणं नेमकं उलटं जातं: तुमचा डेटा, मग लेबल, मग पॅनल, मग खिडकी. प्रत्येक टप्प्यावर लॉक असेल तर एक थ्रेड खिडकीचं लॉक धरून डेटाच्या लॉकची वाट बघतो आणि दुसरा डेटाचं धरून खिडकीच्या लॉकची. दोघेही कायमचे अडकले.

म्हणून जावाच्या स्विंगमध्ये इव्हेंट डिस्पॅच थ्रेड आहे, डब्ल्यूपीएफमध्ये डिस्पॅचर आहे, मॅकवर ॲपकिटला मुख्य थ्रेडच लागतो. जीटीकेमध्ये पूर्वी एक जागतिक लॉक होतं, ते ३.६ पासून मोडीत काढलं.

शेवग्याची_शेंग

जुनेअंक, आता रचना. थ्रेडिंग मॉड्यूलऐवजी क्यूटचा क्यूथ्रेड घ्या, सिग्नलची (ऑब्जेक्टने सोडलेला निरोप; तो घेणारं फंक्शन म्हणजे स्लॉट) देवघेव सोपी पडते.

१. क्यूऑब्जेक्टपासून 'कामगार' नावाचा क्लास काढा. त्यात एकही विजेट नको. मुख्य खिडकीचा संदर्भही त्याच्याकडे देऊ नका. दिला की कुणीतरी कधीतरी वापरतोच.
२. त्याला तीन सिग्नल द्या: पान झालं, चूक झाली, संपलं.
३. कामगाराचा ऑब्जेक्ट पेरेंट (मालक ऑब्जेक्ट) न देता बनवा. पेरेंट असलेला ऑब्जेक्ट मूव्ह-टू-थ्रेडने हलत नाही. कन्सोलवर एक ओळ येते आणि काम मुख्य थ्रेडवरच चालू राहतं, मग 'थ्रेड लावूनही गोठतंय' अशी तक्रार येते.
४. क्यूथ्रेड आणि कामगार दोन्ही सेल्फवर (म्हणजे खिडकीच्या ऑब्जेक्टवर) धरून ठेवा. स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवलेत तर फंक्शन संपताच पायथन ते गोळा करतो आणि 'क्यूथ्रेड: डिस्ट्रॉइड व्हाइल थ्रेड इज स्टिल रनिंग' म्हणत ॲप पडतं.
५. जोडण्या: थ्रेडचा 'स्टार्टेड' कामगाराच्या 'चालव' या स्लॉटला. कामगाराचा 'संपलं' थ्रेडच्या 'क्विट'ला आणि कामगाराच्याच 'डिलीट-लेटर'ला. थ्रेडचा 'फिनिश्ड' थ्रेडच्या 'डिलीट-लेटर'ला.
६. मूव्ह-टू-थ्रेड आधी, जोडण्या नंतर, आणि सगळ्यात शेवटी 'स्टार्ट'.

पाचव्यात एक खाच आहे. डिलीट-लेटर झाल्यावर क्यूटचा ऑब्जेक्ट जातो, पण सेल्फवरचं पायथनचं कवच उरतं. पुढच्या वेळी त्याला 'चालू आहेस का' विचारलंत की 'इंटर्नल सी++ ऑब्जेक्ट ऑलरेडी डिलीटेड'. 'फिनिश्ड'ला जोडलेल्या एका छोट्या स्लॉटमध्ये दोन्ही संदर्भ 'नन' करून टाका.

आणि हे तर कायम गोंधळ घालतं: क्यूथ्रेड हा ऑब्जेक्ट नव्या थ्रेडमध्ये राहत नाही, तो जिथे बनवला तिथलाच रहिवासी असतो. त्यावरून सबक्लास काढून स्लॉट लिहिलेत तर ते स्लॉट मुख्य थ्रेडवर चालतात. नव्या थ्रेडवर चालतं ते फक्त 'रन'.

अर्धविराम

वरच्यात लॅम्डाची (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) भर घालतो. सिग्नल कुठल्या थ्रेडवर पोचवायचा हे क्यूट सिग्नल सोडला जातो त्या वेळी ठरवतं: घेणारा ऑब्जेक्ट वेगळ्या थ्रेडचा असेल तर निरोप त्याच्या रांगेत, त्याच थ्रेडचा असेल तर थेट बोलावणं. लॅम्डा किंवा 'पार्शल' हा क्यूऑब्जेक्ट नाही, त्याला स्वतःचा थ्रेड नाही. म्हणजे आत लेबल बदलणारा लॅम्डा कामगाराच्या थ्रेडवर चालू शकतो, आणि पुन्हा मूळ दुखणं. खिडकीच्या क्लासमध्ये नाव असलेली मेथड लिहा, तिला 'स्लॉट' डेकोरेटर लावा आणि तीच जोडा. सी++ वाल्यांनी लॅम्डा जोडताना संदर्भ-ऑब्जेक्ट देणारं रूप वापरावं.

खात्री करायची असेल तर स्लॉटच्या पहिल्या ओळीत चालू थ्रेड आणि ॲप्लिकेशनचा थ्रेड एकच आहे का असा असर्ट (खोटं निघालं तर चूक दाखवणारी तपासणी) टाका.

टिकली

एवढा खटाटोप कशाला? प्रत्येक पानानंतर प्रोसेस-इव्हेंट्स (साचलेल्या क्लिक आणि रंगवणं उरकणारं क्यूटचं फंक्शन) बोलावलं की खिडकी हलते ना.

खटपट्या

दोन पानांच्या मध्ये हलते. एका पानाला आठ सेकंद लागले तर आठ सेकंद मेलेलीच. विंडोज पाच सेकंदांतच 'नॉट रिस्पॉन्डिंग'चा शिक्का मारतं. आणि खरी गोम वेगळी आहे. प्रोसेस-इव्हेंट्सच्या आत वाचकाने 'सुरू करा' पुन्हा दाबलं तर तेच फंक्शन स्वतःच्या पोटात दुसऱ्यांदा सुरू होतं. खिडकी बंद केली तर फंक्शन परत येतं तेव्हा ज्या लिस्टमध्ये पान घालायचं ती लिस्टच नसते. एकाच थ्रेडवर राहून थ्रेडचे सगळे रोग.

जुनेअंक

शेंग आणि अर्धविराम, आभार. सांगितल्याप्रमाणे बदललं. अंक पूर्ण वाचून होतो, कन्सोल स्वच्छ. नवीन तीन प्रश्न:

अ) 'रद्द' बटण कामगाराच्या 'थांब' स्लॉटला जोडलंय, पण तो स्लॉट सगळी पानं संपल्यावरच चालतो.
आ) मेमरी चार जीबीच्या वर जाते. छोट्या चित्रांसाठी क्यूइमेज सिग्नलमधून पाठवतो.
इ) पान सरळ करण्याचं फंक्शन (तिरकेपणा काढणं, शुद्ध पायथनमध्ये पिक्सेलवर लूप) चालू असताना खिडकी अडखळते.

अर्धविराम

अ) 'थांब' हा निरोप कामगाराच्या रांगेत जातो, आणि कामगार त्याच्या लूपमध्ये अडकलेला असल्यामुळे रांग बघतच नाही. रद्द करण्यासाठी रांग नको, झेंडा हवा. थ्रेडिंग मॉड्यूलचा 'इव्हेंट' मुख्य थ्रेडवरून सेट करा, कामगार प्रत्येक पानाआधी तपासेल. क्यूथ्रेडचं स्वतःचं रिक्वेस्ट-इंटरप्शनही चालतं, ५.२ पासून आहे. टर्मिनेटला हात लावू नका. तो थ्रेड जिथे असेल तिथे तोडतो. हातात लॉक असलं तर ते कायमचं बंद राहतं.

रद्द केल्यानंतरही आधीच रांगेत पडलेले दोन-चार 'पान झालं' निरोप येतातच. वाचकाने लगेच दुसरा अंक उघडला तर जुन्या अंकाचं पान नव्या यादीत घुसतं. प्रत्येक कामाला एक चढता क्रमांक द्या, सिग्नलमध्ये तो आणि पानाचा क्रमांक दोन्ही पाठवा, आणि स्लॉटमध्ये क्रमांक चालू कामाचा नसेल तर निरोप टाकून द्या.

आ) गणित करा. ए-फोर ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल. ३२ बिट रंगाने एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे पानाला सुमारे ३५ एमबी. १५० पानांचे सव्वापाच जीबी. क्यूइमेज सिग्नलमधून जाताना प्रत बनत नाही हे खरं, पण मूळ डेटा रांगेत असेपर्यंत, आणि तुम्ही यादीत ठेवला तर त्यानंतरही, जिवंत राहतो. कामगारातच १६० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करा आणि तेवढंच पाठवा. क्यूइमेजरीडरला वाचण्याआधीच 'सेट-स्केल्ड-साइझ' सांगितलंत तर जेपेगच्या बाबतीत पूर्ण पान उलगडण्याचं कामही बरंचसं वाचतं.

नमपायच्या (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) ॲरेवरून क्यूइमेज बनवत असाल तर शेवटी 'कॉपी' लावाच. तो क्यूइमेज ॲरेचीच मेमरी वापरतो. ॲरे मागच्या थ्रेडमध्ये नाहीसा झाला की यादीत रंगीत कचरा दिसतो, नाहीतर ॲप पडतं.

जाता जाता: ६०० डीपीआयची रंगीत पानं 'उघडतच नाहीत' असं पुढेमागे झालं तर थ्रेडला दोष देऊ नका. क्यूट ६.० पासून चित्र वाचताना मेमरीची मर्यादा आली, तेव्हा ती १२८ एमबी होती. ए-फोर ६०० डीपीआय ३२ बिटला १३० च्या वर जातं. क्यूइमेजरीडरच्या 'सेट-अलोकेशन-लिमिट'ने वाढवता येते.

खटपट्या

इ) हे जीआयएलचं काम. शुद्ध पायथनची ओळ चालवायला इंटरप्रिटरचं एकच लॉक आहे. मुख्य थ्रेडला तुमचा स्लॉट चालवायचा असेल तर त्याने लॉक मागायचं आणि कामगाराने सोडेपर्यंत थांबायचं. अदलाबदलीचा ठरलेला काळ ५ मिलिसेकंद. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायचा तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. स्क्रोल करताना पायथनमधलं मॉडेल (यादीला मजकूर पुरवणारा क्लास) प्रत्येक ओळीसाठी बोलावलं जातं, प्रत्येक वेळी ही वाट बघणं, आणि अडखळणं डोळ्याला दिसतं.

तिरकेपणा काढायला पिक्सेलवर पायथन लूप मुळातच नको. ओपनसीव्ही (चित्रांवर प्रक्रिया करणारी लायब्ररी) किंवा नमपायकडे द्या; ओपनसीव्हीची फंक्शनं काम करताना जीआयएल सोडतात. ते शक्य नसेल तर प्रोसेस-पूल (काम वेगळ्या प्रोसेसमध्ये वाटून देणं). विंडोजवर प्रोसेस-पूल वापरताना मुख्य फाइलमध्ये 'नेम बरोबर मेन' ही तपासणी हवीच, आणि पायइन्स्टॉलरने (पायथन ॲप चालवता येईल अशा फाइलमध्ये बांधणारं साधन) बांधत असाल तर तिच्या आत पहिली ओळ फ्रीझ-सपोर्टची. नाहीतर प्रत्येक नवी प्रोसेस तुमचं ॲप पुन्हा उघडते आणि खिडक्यांचा पाऊस पडतो.

३.१३ पासून जीआयएल नसलेली वेगळी पायथन बांधणी मिळते, पण त्यावर भिस्त ठेवून आजचं ॲप लिहू नका. जीआयएल गेलं तरी विजेटचा नियम तसाच राहणार.

अर्धविराम

आता मूळ रचनेबद्दलच एक हरकत. टेसरॅक्ट ही वेगळी प्रोसेस आहे. पायथनमधून त्याला बोलावणारं पायटेसरॅक्टही आतून तीच चालवतं आणि संपायची वाट बघत बसतं. म्हणजे तुमचा थ्रेड १५० पानं नुसता वाट बघतोय. वाट बघायला थ्रेड कशाला? क्यूप्रोसेस (बाहेरचा प्रोग्राम चालवणारा क्यूटचा क्लास) मुख्य थ्रेडच्याच इव्हेंट लूपवर (निरोपांची रांग उपसणारं चक्र) चालतो, गोठत नाही, आणि मधेच मारताही येतो. पायटेसरॅक्टमध्ये टाइमआउट देता येतो, पण चालू प्रोसेस हातात मिळत नाही. तुमचा टास्क मॅनेजरमधला टेसरॅक्ट तिथलाच.

असं करा. पानांची रांग, आणि एका वेळी चालणाऱ्या क्यूप्रोसेसची संख्या क्यूथ्रेडच्या आयडियल-थ्रेड-काउंटपेक्षा एकने कमी. प्रत्येकाला आर्ग्युमेंट्स: पानाची फाइल, आउटपुटच्या जागी 'एसटीडीआउट', मग 'उणे एल' आणि मराठीचा भाषा-कोड. मजकूर 'रीड-ऑल-स्टँडर्ड-आउटपुट'ने घ्या आणि यूटीएफ-८ म्हणून उलगडा.

प्रोसेसच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये 'ओएमपी थ्रेड लिमिट' एक करा. टेसरॅक्ट ४ पासून तो एका पानासाठी स्वतःच चार थ्रेडपर्यंत उघडतो. सात प्रोसेस एकदम लावल्या तर आठ कोअरवर २८ थ्रेड भांडतात आणि एकेक पान लावण्यापेक्षाही हळू होऊ शकतं.

खाच इथे आहे: 'फिनिश्ड' नेहमी येत नाही. टेसरॅक्टचा पत्ता चुकला, म्हणजे प्रोसेस सुरूच झाली नाही, तर फक्त 'एरर-ऑकर्ड' येतो. तुम्ही पुढचं पान 'फिनिश्ड'मध्येच लावत असाल तर रांग तिथेच थिजते. उलट प्रोसेस कोसळली किंवा तुम्ही 'किल' केली तर दोन्ही येतात, आणि दोन्हीकडे 'पुढचं पान' लिहिलं असेल तर एका पानामागे दोन प्रोसेस सुटतात. म्हणून 'एरर-ऑकर्ड'मध्ये कारण 'फेल्ड-टू-स्टार्ट' असेल तरच पुढे जा, बाकी सगळं 'फिनिश्ड'कडे.

छोट्या चित्रांसाठी मात्र थ्रेड ठेवा, तिथे खरं काम आहे.

जुनेअंक

हे पटलं. थ्रेडचा अर्धा कोड गळतोय. मग खिडकी बंद करताना नेमका क्रम काय? आणि पायइन्स्टॉलरने बांधलेलं ॲप वाचनालयाच्या संगणकावर पडलं तर कारण कसं शोधायचं?

शेवग्याची_शेंग

क्लोज-इव्हेंटमध्ये: आधी पानांची रांग रिकामी करा, नाहीतर एक मारली की दुसरी सुटते. मग चालू क्यूप्रोसेसना 'किल'. विंडोजवर 'टर्मिनेट' नको. तो खिडकीला बंद हो म्हणून निरोप पाठवतो आणि टेसरॅक्टला खिडकीच नाही. प्रत्येकासाठी 'वेट-फॉर-फिनिश्ड' १००० मिलिसेकंद.

छोट्या चित्रांच्या थ्रेडला झेंडा, मग 'क्विट', मग 'वेट' ३००० मिलिसेकंद. एकटा 'क्विट' पुरत नाही, तो इव्हेंट लूपवर परत आल्यावरच लागू होतो. एकटा 'वेट' तर कायमचा अडकतो. कामगारात कुठे 'ब्लॉकिंग-क्यूड' जोडणी असेल तर काढा. कामगार मुख्य थ्रेडच्या उत्तराची वाट बघत असतो, मुख्य थ्रेड 'वेट'मध्ये कामगाराची.

कारण शोधायला: ॲपच्या अगदी सुरुवातीला पायथनचं फॉल्ट-हँडलर मॉड्यूल चालू करा. सी++ च्या बाजूला पडलं तरी प्रत्येक थ्रेडची पायथन ओळ लिहिली जाते. कन्सोल नसलेल्या बांधणीत एसटीडीईआरआर (चुकांचे संदेश जातात तो प्रवाह) नसतो, म्हणून त्याला उघडी लॉग फाइल द्या आणि ती शेवटपर्यंत बंद करू नका.

तुमच्या स्वतःच्या यंत्रावर 'क्यूटी फेटल वॉर्निंग्ज' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून चालवा. 'डिफरंट थ्रेड'वाली ओळ छापली जाते त्याच जागी ॲप थांबतं, कुठून बोलावलं ते फॉल्ट-हँडलर सांगतो. चौकशीपुरतंच, ग्राहकाकडे नाही. खिडकी गोठलेली असताना पाय-स्पाय (चालू पायथन प्रोसेस तपासणारं साधन) 'डंप' प्रोसेसच्या क्रमांकासह चालवलं की मुख्य थ्रेड कुठल्या ओळीवर बसलाय ते लगेच दिसतं.

कडीपत्ता

टीकेइंटरवाल्यांसाठी (पायथनसोबत येणारं टूलकिट) काही? तिथे सिग्नल नाहीत.

खटपट्या

पायथनची साधी 'क्यू'. कामगार त्यात घालतो. मुख्य थ्रेड 'आफ्टर'ने दर १०० मिलिसेकंदांनी 'गेट-नोवेट'ने उपसतो. एका फेरीत जास्तीत जास्त ५० निरोप घ्या, उरलेले पुढच्या फेरीला, नाहीतर निरोपांच्या पुरात खिडकी पुन्हा गोठते. जीटीकेला 'आयडल-ॲड' आहे. त्याच्या फंक्शनने 'फॉल्स' परत द्यायला विसरू नका, 'ट्रू' दिलंत तर ते पुन्हा पुन्हा चालत राहतं आणि एक कोअर कायम शंभर टक्क्यांवर.

जुनेअंक

क्यूप्रोसेसवर आणलं. रद्द केल्यावर टेसरॅक्ट लगेच मरतो, मेमरी ४०० एमबीच्या आत. एक राहिलं: सात प्रोसेस असल्यामुळे पानं उलटसुलट क्रमाने येतात, आणि यादीत घालताना ओळ निवडलेली असेल तर निवड उडते.

अर्धविराम

येतील तशी घालू नका. अंक उघडताच मॉडेलमध्ये १५० रिकाम्या ओळी तयार करा, पान आलं की त्याच्या क्रमांकाची ओळ भरा आणि फक्त तेवढ्या ओळीसाठी 'डेटा-चेंज्ड' सोडा. ओळी घातल्या-काढल्याच नाहीत तर निवडही हलत नाही. वाचक ज्या पानाची दुरुस्ती करतोय त्यावर उशिरा आलेला निकाल मात्र ओतू नका; त्या ओळीला 'हाताने बदललं' अशी खूण ठेवा आणि असेल तर निकाल बाजूला ठेवून विचारा.